कासवाचे कोकण

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या माणसाची बाग कुंड्यांतच असते. आंब्याची कोय पुरली, तर तिला मोहर येण्याच्या आत आपले सामान ट्रकवर चढलेले असायचे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. बँकेतल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत आम्ही नऊ गावी बिऱ्हाड थाटले आणि प्रत्येक गावी एक तुळस, एक मोगरा व एक कोरफड एवढ्यावरच हौस भागवली. म्हणूनच दारासुरम् येथे आल्यावर आम्ही सिमेंटच्या एका हौदात चक्क शेवाळाची शेती आरंभली, तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्याकडे जरा काळजीनेच पाहिले. निवृत्ती जवळ आली की काही माणसांचे असे होते, असे त्यांनी ऐकले होते.

दारासुरम् हे कुंभकोणम् शहराला अगदी लागून असलेले गाव. आमची शाखा शहरात. परंतु शहरातली घरे आम्हांला अंधारी वाटली आणि दारासुरम् येथे एका रेशीम विणणाऱ्या गृहस्थाच्या घराचा मागला भाग मिळाला, तो अंगणासकट. हे घरमालक सौराष्ट्री. शेकडो वर्षांपूर्वी गुजरातेकडून निघालेले हे विणकर तमिळ मुलखात स्थिरावले, तरी घरात त्यांची स्वतःची भाषा टिकून आहे. पहिल्या सकाळी मागाच्या खटखटीतून 'आमि', 'तुमि' असे शब्द कानी पडले आणि आम्ही चहाचा पेला हातात तसाच धरून दाराशी उभे राहिलो. पुढचे वाक्य मात्र मुळीच कळले नाही. तंजावरला भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते, तेव्हा या बाजूला मराठी बोलणारा कोणी ना कोणी भेटेलच, असा भरवसा मनाशी धरून आम्ही आलो होतो. तो 'आमि' आणि 'तुमि' या दोन शब्दांवर भागवावा लागला.

घरापासून चालत दहा मिनिटांवर ऐरावतेश्वराचे मंदिर. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात ते बांधले आणि २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. दगडी चाके आणि उधळलेले घोडे लावून सबंध मंडपाचा रथ केलेला आहे. एका ठिकाणी एकाच मस्तकातून बैल आणि हत्ती असे दोन्ही काढलेले आहेत. पाहुणे आले की हे सारे आम्ही घरचे असल्यासारखे दाखवत असू. परंतु त्या देवळात पहिल्याने गेलो त्या दिवशी आम्हांला काहीतरी चुकल्यासारखे झाले, आणि काय चुकले ते घरी आल्यावर उमगले. तेथे कासव नव्हते. आपल्याकडे महादेवाच्या देवळात नंदीच्या पाठीवर हात ठेवावा, पुढे सभामंडपात दगडी कासवाला पाय लागू न देता वळसा घालावा आणि मग गाभाऱ्याकडे पाहावे, ही पावलांना लागलेली सवय. या बाजूला नंदी आहे, बलिपीठ आहे. कासवाची ती प्रथा नाही.

२०२३ सालच्या जुलैत मात्र खरेखुरे कासव आमच्या घरी चालत आले. मागल्या दाराशी, धुण्याच्या दगडाजवळ, एका संध्याकाळी आमच्या कन्येला ते दिसले. सव्वा किलोचे, काळसर पाठीवर प्रत्येक उंचवट्यापासून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फुटलेल्या. कन्या ओरडली, सौभाग्यवतींनी हळदकुंकू आणले आणि घरमालकांच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सारे 'पाट्टी' म्हणतो, त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. तमिळ मुलखात म्हण आहे, की ज्या घरात आमै शिरली आणि ज्या घरात अमीन शिरला, ते घर पुन्हा वर येत नाही. आमै म्हणजे कासव. अमीन म्हणजे कोर्टाची जप्ती घेऊन येणारा. कर्जवसुलीचे काम करणारा बँकेचा अधिकारी घरात भाडेकरू म्हणून आधीच येऊन बसलेला. त्यात आता हे कासव! पाट्टींनी आमच्याकडे आणि कासवाकडे आळीपाळीने पाहिले. त्यांच्या मनात काय आले असेल, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

आपल्याकडे कासव शुभ, त्यांच्याकडे अशुभ. दोन्ही समजुतींत त्या प्राण्याचे मत कोणी घेतले नव्हते, आणि आम्हीही ते घेतले नाही. ते ठेवून घ्यायचे ठरले. कन्येने त्याचे नाव 'कासोबा' ठेवले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. कासव पाळण्यात काही गैर असेल, हा विचार आम्हांला शिवलाच नाही. याचा थोडा दोष आपल्या भाषेकडे जातो. समुद्रातले, तळ्यातले आणि माळावरचे, या सर्वांना आपण 'कासव' या एकाच शब्दात बसवतो. मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांत काचेच्या पेटीत पोहणारी हिरव्या तोंडाची अमेरिकन कासवे आम्ही पाहिली होती. त्यांतलाच हा एक थोरला भाऊ, एवढीच आमची समजूत. शेवाळाचेही तसेच. तळ्यावरचा हिरवा तवंग तेही शेवाळ आणि भिंतीवर मखमलीसारखे उगवते तेही शेवाळ. वनस्पतिशास्त्रवाले पहिल्याला शैवाल आणि दुसऱ्याला हरिता म्हणून वेगळे काढतात. आम्ही मात्र मनात दोन्ही एकत्र केली. कासव म्हणजे पाणी, पाणी म्हणजे शेवाळ, आणि शेवाळ म्हणजे राजापूर.

आम्ही राजापूरचे. श्रावणात जांभ्या दगडाच्या गडग्यांवर जे हिरवे चढते, त्याचा रंग आम्ही नऊ गावांत कोठेही पाहिला नाही. कुंभकोणम्‌ची भूमी हिरवीगार आहे. परंतु ती हिरवळ भाताची आणि केळीची, माणसाने काढलेल्या कालव्यांची. तिला शिस्त आहे. आम्हांला ती बेशिस्त, दगडातून आपोआप फुटणारी हिरवाई हवी होती, आणि कासवाच्या निमित्ताने ती करण्याची संधी मिळाली. अंगणात गुरांना पाणी पाजण्याचा जुना हौद पडून होता. पाच फूट लांब, तीन फूट रुंद. तळाशी विटांचे तुकडे, वर माती व नारळाचा भुस्सा असे थर घातले. अंगणातल्या पडक्या विहिरीच्या आतल्या बाजूने, सौभाग्यवतींच्या डोशाच्या उलथन्याने, आम्ही शेवाळाच्या लाद्या अलगद सोडवल्या आणि एकेक मातीवर दाबून बसवल्या. उलथने परत मिळाल्यावर जे बोलणे झाले ते येथे देत नाही.

शेवाळासारखी स्वाभिमानी वनस्पती दुसरी नसेल. त्याला खरी मुळे नाहीत. केसांसारख्या तंतूंनी ते केवळ धरून असते आणि पाणी पिते ते सर्वांगाने. म्हणून त्याला मातीत खोल ओल देऊन उपयोग नाही. हवाच ओली पाहिजे, आणि वर सावली. महिनोन्‌महिने वाळून काळे पडते आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवे होते, ही त्याची सहनशक्ती. परंतु पायदळी तुडवलेले त्याला मुळीच सोसत नाही. आणि कासोबाची चाल म्हणजे रोडरोलरची! पुढले पाय वल्ह्यासारखे चालवत तो हौदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई आणि मागे शेवाळाच्या सालपटांची रांग टाकी. आम्ही सकाळी लाद्या बसवाव्यात, त्याने दुपारपर्यंत त्या उलट्या कराव्यात. आठवड्यात दोनदा विहिरीत उतरण्याचा प्रसंग येऊ लागला, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पण ते कासव कोकणातलं आहे कशावरून?"

सौभाग्यवती सोलापूरच्या. कोरड्या हवेचा, उन्हाचा आणि कडक भाकरीचा त्यांना अभिमान आहे, आणि आमच्या कोकणाच्या गौरवाकडे त्या गेली सव्वीस वर्षे काहीशा संशयाने पाहत आल्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न आम्ही माहेरच्या पक्षपातात जमा केला. ही आमची पहिली चूक नव्हे. परंतु मोठी होती.

झाडांच्या बाबतीत मात्र आम्हांला उसना का होईना, शहाणपणा मिळाला. कन्येने हौदाच्या कडेला मनीप्लांट लावले आणि शोभेला लाल कण्हेरीची फांदी खोचली. पाट्टींनी ती पाहिली आणि, अशुभ कासवाच्या हौदाकडे एरवी न फिरकणाऱ्या त्या बाई, तरातरा येऊन ती उपटून गेल्या. कण्हेरीला इकडे अरळी म्हणतात. देवाला फूल चालते, परंतु पान गुराच्या पोटात गेले तर गूर दगावते, हे त्यांना ठाऊक होते. मनीप्लांटच्या पानांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व ते तोंड-घसा सोलून काढतात, हे आम्ही पुढे वाचले. घाणेरी, एरंड, डिफेनबाकिया ही तशीच वर्ज्य. चालणारी झाडे म्हणजे जास्वंद, कोरफड, फड्या निवडुंग, आणि सर्वांत उत्तम दूर्वा. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची माती पूर्ण धुऊन ते साध्या मातीत काही आठवडे ठेवावे, कारण त्यातली खताची पांढरी दाणेदार भुकटी कासव खाणे समजून गिळते. आणि रोप कुंडीसकट जमिनीत पुरावे, म्हणजे ते उपटले जात नाही. दूर्वांसाठी दोन पसरट तसराळी करावीत. एक हौदात, एक बाहेर वाढत. आतले फस्त झाले की अदलाबदल. या युक्तीने आमची हिरवाई प्रथमच आठवड्याहून अधिक टिकली. गणेशचतुर्थीला सौभाग्यवतींनी एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधून ताटात ठेवल्या होत्या. कासोबा त्या वेळी फेरफटक्यासाठी ओसरीवर सोडलेला होता. गणपतीला त्या वर्षी अठरा जुड्या मिळाल्या.

पाट्टींनी हा प्रकार पाहिला आणि त्या हसल्या. पिळ्ळैयारचा वाटा ज्याने खाल्ला त्याला अशुभ म्हणणे त्यांना जड गेले असावे. दुसऱ्या दिवसापासून केळीच्या पानावर चार जास्वंदी हौदाच्या कठड्यावर येऊन पडू लागल्या.

ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडचा पाऊस परततो तेव्हा या किनाऱ्याचा पाऊस लागतो, हे बदलीवर आलेल्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी नेहमी विसरायला होते. आम्हांला मात्र आनंद झाला. शेवाळाने जीव धरला. नोव्हेंबरात चार दिवस सलग झड लागली, शाळेला सुट्टी पडली, ऐरावतेश्वराच्या सखल प्रांगणात पाणी साचले, आणि आमचा हौद कडेपासून कडेपर्यंत असा हिरवा झाला की आम्ही छत्री घेऊन त्याच्याजवळ उभे राहिलो. राजापूर! तेवढ्या गडबडीत एक गोष्ट ध्यानात आली नाही. शेवाळ अखंड राहिले होते, याचा अर्थ त्यावरून कोणी चालत नव्हते.

कासोबा कोपऱ्यात मान आत ओढून बसला होता. उचलला तेव्हा खालची ढाल बर्फासारखी गार लागली. नाकपुडीशी एक बुडबुडा येई, फुटे आणि पुन्हा येई. जास्वंद समोर धरली तर डोळेही उघडेना. घरमालकांकडे रेशमाच्या लडी तोलण्याचा काटा आहे. त्यावर आम्ही तो दर पंधरवड्याला तोलत असू. ऑक्टोबरात १२४० ग्रॅम भरला होता, त्या दिवशी ११०५ भरला. घरमालकांनी काटा पुन्हा तपासून पाहिला. कन्या काही बोलली नाही. ती आतून आपली शाल घेऊन आली.

पशुवैद्यांनी प्रथम कासवाकडे पाहिले, मग बराच वेळ आमच्याकडे. मग दार लोटून घेतले. हे भारतीय तारांकित कासव. तमिळ लोक त्याला नक्षत्र आमै म्हणतात. याचे घर म्हणजे काटेरी झुडपांचा कोरडा माळ: दक्षिण भारताचा कोरडा पट्टा, गुजरात-राजस्थानची सरहद्द, आणि श्रीलंका. कावेरीच्या भातखाचरांत हे आपण होऊन येणारच नाही. कोणीतरी माळावरून उचलले, पिशवीत घालून आणले, आणि कंटाळा आला म्हणा, म्हणीची भीती वाटली म्हणा, तुमच्या परसात सोडून दिले. फुप्फुसात ओल धरली आहे. ओलीचे याला वावडे आहे असे नव्हे. उन्हाळ्यानंतरच्या उबदार पावसात हे खुशीने हिंडते. १८ टक्के, २० टक्के अशा कोरड्या हवेत कोंडून वाढवलेल्या कासवांच्या पाठी वेड्यावाकड्या उंच होतात, आणि व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ साली एका आफ्रिकी जातीवर प्रयोग करून, दमट हवेत पाठ सपाट वाढते असे दाखवले आहे. पण ती ओल उबेसकट पाहिजे. एका कोपऱ्यात ओलसर शेवाळ घातलेला अडोसा ठेवावा, बाकी जमीन कोरडी, आणि ऊन खायला तापलेला दगड. मग त्याचे ते ठरवते की आत्ता कोठे बसायचे. तुम्ही सगळी जमीनच भिजवली आणि त्याला निवड ठेवली नाही. हौदाला तळाशी भोक आहे का?

नव्हते. गुरांच्या पाण्याच्या हौदाला भोक कशाला असेल!

इंजेक्शन दिल्यावर पशुवैद्य पुढचे बोलले, आणि ते हळू आवाजात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पूर्वीच संरक्षित होते; २०२२ ची दुरुस्ती २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाली तेव्हापासून ते पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. परदेशी जातींच्या प्राण्यांची मालकी सरकारकडे नोंदवता येते. याची येत नाही, कारण याचा मालक कोणी असूच शकत नाही. भारतातील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला निदान ५५,००० तारांकित कासवे चोरून नेली जातात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आहे. २०१९ साली जिनिव्हाच्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. "सार, तुम्ही सरकारी बँकेतले," एवढेच म्हणून ते थांबले.

वाचकहो, आपणही बहुधा आमच्यासारखेच कोठेतरी टेबलापाशी बसणारे असाल. एकतीस वर्षे दुसऱ्याच्या कागदांतली उणीव दाखवत आलेल्या माणसाला स्वतःच्या अंगणात असा दस्तऐवज सापडला, तर त्याचे पोट कसे आत जाते, हे आपणांला सांगायला नको. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती. त्या रात्री घरमालकांनी, अगदी आपुलकीने, एक मार्ग सुचवला. अरसलार नदीचा काठ जवळच आहे. रात्री अकरानंतर तिकडे कोणी नसते. कोणाला काही कळणार नाही आणि कासवही मोकळे होईल. आम्ही लगेच 'नाही' म्हटले, असे लिहिण्याचा मोह होतो. आम्ही नाही म्हटले नाही. आम्ही पिशवी शोधली. कापडी, जरा मोठी, बँकेची दिनदर्शिका वाटण्यासाठी येते तसली. कासोबाला त्यात घातले आणि दाराशी आलो. बाहेर पाऊस होता.

सौभाग्यवती ओसरीवरच बसल्या होत्या. "पिशवीतून आणलं, पिशवीतून नेतात," एवढे म्हणाल्या आणि पुन्हा गव्हातले खडे वेचू लागल्या.

आम्ही पिशवी खाली ठेवली. रात्रभर कासोबा स्वयंपाकघरात, दिव्याखाली, कोरड्या पोत्यावर होता. त्या रात्री झोप नव्हती म्हणून आम्ही कासवांविषयी जे मिळेल ते वाचत बसलो. अठराव्या शतकात सेल्बोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने, आपल्या आत्याकडे चाळीस वर्षे राहिलेले एक कासव १७८० साली स्वतःच्या बागेत आणले आणि त्याच्या दिनक्रमाच्या बारीक नोंदी ठेवल्या. पावसाला ते फार भिई आणि चार थेंब पडताच आडोसा शोधी, असे त्याने लिहून ठेवले आहे. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी! गमतीची गोष्ट अशी, की एवढे पाहूनही टिमथी या पुरुषी नावाचे ते कासव मादी असल्याचे त्याच्या मरणानंतर लोकांना कळले. आम्हीही दुसऱ्या दिवशी विचारले; कासोबा मादीच निघाली.

ते सांगितले वनखात्याच्या कचेरीत. सकाळी आम्ही बँकेत रजेचा अर्ज दिला, आणि कासव केव्हा, कोठे, कसे आले, किती दिवस ठेवले, आजारी कसे पडले, हे सारे दीड पानात लिहून काढले. मसुदा सौभाग्यवतींनी वाचला. 'अनवधानाने' हा शब्द आम्ही तीनदा घातला होता. त्यांनी दोनदा खोडला. कन्या बरोबर आली. पाट्टींनी निघताना चार जास्वंदी दिल्या. कचेरीतल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला, तारखा विचारल्या, पशुवैद्यांची चिठ्ठी पाहिली आणि अर्धा तास आम्हांला बाकावर बसवून ठेवले. तो अर्धा तास आम्ही कधी विसरणार नाही. आमच्यासमोर कर्जदार कसे बसत असतील, ते आम्हांला त्या बाकावर कळले. मग जबाब झाला, सह्या झाल्या. स्वतःहून आणून दिले आणि उपचार केले, असा शेरा त्यांनी आमच्यादेखत लिहिला. पुढे दोनदा बोलावणे आले, तेव्हा छातीत धस्स झाले, पण दोन्ही वेळा विचारपूस तेवढी झाली.

कन्येने अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला, आणि तो तिच्या शाळेत शिकलेल्या तमिळमध्ये. हे आता कोठे राहील? जेथे दगड तापतात तेथे, असे त्यांनी सांगितले. आंध्रात श्रीकूर्मम् येथे कूर्मावताराच्या देवळात अशीच कासवे आहेत, तिकडे का देत नाही, असे आम्ही मध्येच विचारले; परंतु त्यावर ते नुसते हसले. जानेवारीत त्यांचा फोन आला. बुडबुडे थांबले होते, निवडुंगाची फळे खात होती. वजन त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आमचा अधिकार संपला होता.

हौद तसाच राहिला. पाय लागेनासे झाल्यावर शेवाळ असे फोफावले की त्याने कठडासुद्धा झाकला. कन्या तिकडे फिरकत नसे. मार्चमध्ये ऊन तापले, तसे ते कडेने काळे पडू लागले. आम्ही झारी घेऊन उभे राहिलो आणि पाणी न घालता परत आलो. एप्रिलमध्ये घरमालकांकडून छिन्नी मागून घेतली आणि हौदाच्या तळाला भोक पाडले. पाट्टींनी विचारले, आता कशाला? त्यांना जास्वंद लावायची होती. ती लावली आहे.